'कानबान' : शब्द आणि मर्म

'कानबान' ह्या जपानी शब्दाचा मूळ अर्थ दुकानाची पाटी. टोयोटा कारखान्यात ताइची ओनो ह्यांनी 1950 नंतरच्या दशकात तो मागणीच्या चिठ्ठीस लावला. चिठ्ठीवाचून नवा भाग घडवावयाचा नाही, हा दंडक. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील उमरीकरांस हे तत्त्व अपरिचित वाटू नये: एकेरी मार्गावर पुढचा टप्पा मोकळा असल्याचा गोळा हाती आल्याविना गाडी सोडीत नसत. 2004 साली डेव्हिड अँडरसन ह्यांच्या सल्ल्याने मायक्रोसॉफ्टच्या, हैदराबादेत काम करणाऱ्या एका संगणकप्रणाली-दुरुस्ती गटाने हाच निर्बंध स्वीकारला: हातचे काम उरकल्याखेरीज नवे घ्यावयाचे नाही. सुमारे पाच महिन्यांची प्रतीक्षा वर्षभरात 14 दिवसांवर आली. आज अनेक गट पाटी टांगतात, मर्यादा मात्र पाळीत नाहीत. शब्द आला, अर्थ मागे राहिला, असेच म्हणावे लागेल.