गार्डन रीच ते डेट्रॉइट : स्थलांतरिताचे लोकप्रतिनिधित्व आणि आत्मकथनाची भाषा

१

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व काठावर असलेले गार्डन रीच साहित्येतिहासाला परिचित आहे ते मुख्यतः अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांच्यामुळे. १८५६ मध्ये राज्य गेल्यावर ते येथील मटियाबुर्जात आले आणि १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्यांच्यासोबत लखनौची कविता, ठुमरी आणि कथकाची परंपरा या नदीकाठी आली. तथापि, याच काठाने त्याच दशकांत आणखी एक जनसमूह पाहिला. साखरेच्या वसाहतींकडे निघालेल्या करारबद्ध मजुरांना जहाज लागेपर्यंत ठेवण्याचे डेपो येथे होते. नवाबाचे लेखन ग्रंथालयांत जतन झाले. मजुरांच्या मागे राहिला तो प्रत्येकी एक स्थलांतर-पास. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण असा त्याचा मजकूर असे, आणि तोही दुसऱ्याच्या हाताने लिहिलेला.

ज्याची नोंद दुसऱ्याने केली, त्याचा वंशज परक्या भूमीत इतरांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कसा मिळवतो? आणि तो मिळाल्यावर स्वतःची हकिकत कोणत्या भाषेत, कोणाला उद्देशून सांगतो? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा विचार तीन लोकप्रतिनिधींच्या आधारे केला आहे : ब्रिटिश गयानातील छेदी जगन, कॅलिफोर्नियातील दलिपसिंग सौंद आणि बेळगावातून मिशिगनला पोहोचलेले श्री ठाणेदार. यांपैकी कलकत्त्याच्या बंदराशी थेट नाते फक्त जगन यांच्या कुटुंबाचे आहे. इतर दोघे विद्यार्थी म्हणून, वेगळ्या वाटांनी गेले. परंतु अमेरिका खंडातील विधिमंडळांत भारतीय वंशाच्या प्रतिनिधीचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात विद्यापीठाच्या प्रवेशपत्रापासून करून चालत नाही. ती या पासापासून करावी लागते.

२

ब्रिटिश गयानाकडे मजूर नेणारी 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही पहिली जहाजे १८३८ च्या जानेवारीत कलकत्त्याहून निघाली. १९१७ मध्ये ही पद्धत थांबेपर्यंत त्या एका वसाहतीत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय पोहोचले होते आणि त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहूनच गेले होते. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाजाने डच सुरिनामचा मार्ग उघडला. गार्डन रीचमधील सुरिनाम घाटावर २०१५ मध्ये उभारलेले 'माई-बाप' स्मारक त्याची साक्ष देते. डोक्यावर, हातात गाठोडे घेतलेल्या स्त्री-पुरुषांचे हे शिल्प पारामारिबोतील मूळ शिल्पावरून घडवले आहे. म्हणजे स्मरणाची रूपरेषा तिकडून इकडे आली, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

छेदी जगन यांचे आईवडील बस्ती जिल्ह्यातील कुटुंबांतले. १९०१ मध्ये 'एल्ब' या एकाच जहाजातून, आपापल्या आईबरोबर, ती लहान मुले म्हणून गयानात आली. जगन यांचा जन्म १९१८ मध्ये पोर्ट मूरँटच्या साखरमळ्यावर झाला. १९३६ मध्ये ते अमेरिकेला गेले, हॉवर्ड आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत शिकले आणि १९४३ मध्ये दंतवैद्य होऊन परतले. १९४७ मध्ये विधान परिषदेवर निवडून आलेल्या जगन यांच्या पक्षाने १९५३ च्या पहिल्या प्रौढ मताधिकाराच्या निवडणुकीत २४ पैकी १८ जागा मिळवल्या. ब्रिटनने अवघ्या १३३ दिवसांत राज्यघटनाच स्थगित केली. पुढे १९५५ मध्ये पक्ष फुटला आणि कालांतराने भारतीय व आफ्रिकी वंशांच्या मतदारांमधील दरी रुंदावली. मजूरवर्गाचे नेते म्हणून उभे राहिलेले जगन अनेकांच्या दृष्टीने भारतीयांचे नेते ठरले. १९९२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हाही हा शिक्का पुरता पुसला गेला नव्हता.

त्यांचे 'द वेस्ट ऑन ट्रायल' हे आत्मकथन १९६६ चे, म्हणजे सत्ता गेल्यानंतरचे आहे. शीर्षकातच पाश्चात्त्य जग आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. मळ्यावरील बालपणापासून सुरू होणारी ही हकिकत पाहता पाहता देशाचा इतिहास बनते. ती इंग्रजीत आहे. गयानातील भारतीयांच्या दैनंदिन जीवनातून भोजपुरी तोवर ओसरू लागली होती आणि जगन यांना ज्या वाचकापुढे खटला मांडायचा होता, त्याचीही भाषा इंग्रजीच होती.

३

दलिपसिंग सौंद यांच्यापुढील अडसर मळ्याचा नव्हता, कायद्याचा होता. अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवाडीत १८९९ मध्ये जन्मलेले सौंद १९२० मध्ये अमेरिकेत आले आणि १९२४ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून गणितात पीएच.डी. झाले. मधल्या काळात, १९२३ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा अपात्र परकीयांना जमीन बाळगता येत नसे. गणिताचा हा पंडित इम्पीरियल व्हॅलीत शेती करू लागला.

सौंद यांनी दोन पुस्तके लिहिली आणि त्या दोहोंमधील अंतर अभ्यासण्यासारखे आहे. १९३० मधील 'माय मदर इंडिया' हे कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया'ला दिलेले उत्तर. त्या वेळी सौंद मतदारही नव्हते, पण अमेरिकन वाचकापुढे ते भारताचे वकीलपत्र घेऊन उभे होते. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५६ च्या निवडणुकीत त्यांनी विख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव केला आणि रिव्हरसाइड व इम्पीरियल या परगण्यांचे प्रतिनिधी म्हणून ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले. त्या मतदारसंघात भारतीयांची मते नगण्य होती. सौंद निवडून आले ते शेतकऱ्यांचे प्रश्न जाणणारा शेजारी म्हणून. असे असूनही १९६० मध्ये त्यांच्या आत्मकथनाचे नाव झाले 'काँग्रेसमन फ्रॉम इंडिया'. प्रतिनिधी कॅलिफोर्नियाचा आणि शीर्षकात भारत! शीतयुद्धाच्या काळात आशियाला अमेरिकन लोकशाहीचा दाखला हवा होता आणि सौंद यांचे चरित्र हा तो दाखला होता. १९६२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि त्या वर्षीची निवडणूक ते हरले. त्यानंतर २००५ मध्ये बॉबी जिंदाल येईपर्यंत प्रतिनिधिगृहात भारतीय वंशाचा सदस्य नव्हता.

४

मराठी वाचकाला अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेची ओळख यापूर्वीच झाली होती. पंडिता रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथात तेथील शासनपद्धतीचे विवेचन आहे. रमाबाई पाहुण्या होत्या. पारतंत्र्यातील वाचकाला लोकसत्ता कशी चालते हे दाखवणे, हा त्यांच्या लेखनामागचा हेतू होता. शतकाहून अधिक काळाने, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, 'ही श्रीची इच्छा!' हे श्री ठाणेदार यांचे आत्मकथन मराठीत आले, तेव्हा अमेरिका हे निरीक्षणाचे नव्हे, तर यश मिळवण्याचे क्षेत्र झाले होते.

ठाणेदार यांचा जन्म १९५५ चा. बेळगावातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबात ते वाढले. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी यांनंतर १९७९ मध्ये ते ॲक्रन विद्यापीठात गेले आणि रसायनशास्त्रात पीएच.डी. झाले. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटा संपवून शिक्षितांना दार उघडले होते, त्या दाराने गेलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी. १९८८ मध्ये ते नागरिक झाले आणि पुढे सेंट लुईसमध्ये रासायनिक पृथक्करणाची प्रयोगशाळा विकत घेऊन उद्योजक बनले.

त्या काळी मराठीत उद्योजकांच्या आत्मकथांना मोठा वाचकवर्ग होता आणि हे पुस्तक त्याच प्रवाहातले. शीर्षकातील 'श्री' म्हणजे ईश्वर, ऐश्वर्य आणि लेखकाचे स्वतःचे नावही. कर्तृत्वाचे श्रेय देवाला देता देता ते स्वतःकडेही ठेवणारा हा श्लेष इंग्रजीत नेणे अशक्य. नंतरच्या इंग्रजी आत्मकथनाचे नाव म्हणूनच 'द ब्लू सूटकेस' असे झाले. ईश्वरेच्छेच्या जागी सामानाची पेटी आली. मराठी वाचकाला दैव आणि जिद्द यांचा मेळ ओळखीचा वाटतो, तर अमेरिकन वाचकाला पेटी घेऊन उतरलेला स्थलांतरित. एकाच आयुष्याच्या या दोन संहिता आहेत. दोन्ही राजकारणाच्या आधीच्या, आणि २०१० मध्ये कर्जामुळे त्यांचा उद्योग न्यायालयनियुक्त प्रशासकाच्या ताब्यात गेला त्याच्याही आधीच्या.

ॲन आर्बर येथे नवा उद्योग उभारून ठाणेदार राजकारणात आले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात, आणि २०२२ मध्ये तेराव्या मतदारसंघातून अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले. २०२४ मध्ये तेथूनच त्यांची फेरनिवड झाली. या मोहिमांत त्यांनी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर खर्च केला, ही गोष्ट तेथील चर्चेत वारंवार आली.

५

२०२२ चा निकाल महाराष्ट्रात आणि बेळगावात अभिमानाने वाचला गेला. डेट्रॉइटमध्ये तो वेगळ्या रीतीने वाचला गेला. तीन-चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या या शहरातून १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज प्रतिनिधिगृहात गेल्यापासून एकही खंड न पडता कृष्णवर्णीय सदस्य होता. ती परंपरा २०२३ च्या जानेवारीत थांबली. नऊ उमेदवारांत मते विभागली गेली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर प्राथमिक निवडणूक जिंकले. मते एका कृष्णवर्णीय उमेदवारामागे एकवटावीत, असा स्थानिक नेत्यांचा प्रयत्न त्याआधी झाला होता.

या नाराजीला केवळ वंशभेद म्हणून बाजूला सारणे मराठी अभ्यासकाला तरी शोभणार नाही. ठाणेदार पावणेदोन वर्षांचे असताना, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. आपल्या भाषेचा माणूस विधानसभेत असावा, या भावनेने तेथील मराठी मतदारांनी अनेक निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडून दिले. रस्ते-पाणी दुसराही देईल, पण आपल्या वतीने बोलणारा आपल्यातला हवा, हाच त्यामागचा युक्तिवाद होता. डेट्रॉइटच्या मतदाराचा युक्तिवाद याहून निराळा नाही. एक समूह भाषेच्या आधारे तो करतो, दुसरा गुलामगिरीपासूनच्या इतिहासाच्या आधारे. एकाला न्याय्य म्हणायचे आणि दुसऱ्याला संकुचित, असे करता येत नाही.

मात्र प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. प्रतिनिधीने मतदारांसारखे असावे की त्यांच्यासाठी असावे, हा लोकशाहीतला जुना वाद. सौंद मतदारांसारखे नव्हते, तरीही तीनदा निवडून आले. ठाणेदार यांनाही २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते मिळाली. उलट जगन यांना मतदारांशी असलेले वांशिक साम्य हेच बंधन ठरले. साम्य पुरेसे नसते आणि भेद ही अपात्रता नसते, एवढे या तीन कारकिर्दींवरून म्हणता येते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते या आत्मकथनांतील गाळलेले पान. जगन यांचा वाचक साम्राज्याचे न्यायासन, सौंद यांचा शीतयुद्धातील अमेरिका, ठाणेदार यांचा आधी मराठी मध्यमवर्ग आणि मग अमेरिकन बाजारपेठ. ज्यांच्या मतांवर अधिकार मिळाला, तो मतदार यांतल्या एकाही संहितेचा पहिला वाचक नाही. 'आपला माणूस' ही आपली मराठी वाचनरीतही त्याला वगळूनच चालते. गार्डन रीचच्या पासावर जिल्हा, ठाणे आणि गाव यांच्या नोंदी होत्या, म्हणजे माणूस कोठून आला हे त्यातून कळे. पुढे तो कोणाचा झाला, यासाठी त्यात रकाना नव्हता. परदेशातील लोकप्रतिनिधींविषयीच्या आपल्या लेखनातही तो रकाना अद्याप भरायचा आहे.