सांध्यावरचा स्वर

श्रवणाचा इतिहास लिहिताना आपण घराणी मोजतो. स्वर ज्या यंत्रातून घरात आला, त्याची नोंद क्वचितच घेतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचे (निधन १९३७) तबकडीवरचे गाणे ग्रामोफोनच्या एकाच कर्ण्यातून येई. पुढे परभणी आकाशवाणीच्या मध्यमलहरींनी आमच्या जिल्ह्याचा कान घडवला. घरच्या रेडिओतही बहुधा स्पीकर एकच. मग खर्जासाठी आणि तारस्वरांसाठी स्वतंत्र स्पीकर आले, आणि ध्वनी त्यांच्यात वाटून देणारा क्रॉसओव्हर. हे दोन भाग सांध्यावर पुन्हा एकसंध जुळावेत, अशी रचना लिंकविट्झ-रायली यांच्या नावाने १९७६पासून ओळखली जाते.

आज ही वाटणी अंकीय यंत्रेही करतात. पण बेरिंजरचे डीसीएक्स २४९६ मुळात जलशाच्या मंचासाठी घडलेले. त्यातून निघणारा संकेत घराला फार मोठा. तो आकड्यांतच लहान केला, तर सूक्ष्म तपशील यंत्राच्या खरखरीत बुडतात. म्हणून हौशी मंडळी त्याचे बाहेरचे सर्किट बदलतात, किंवा आवाजाची कळ रूपांतरकाच्या पुढे बसवतात. (हमीपत्र अर्थातच गेले!) आमच्या मते खरी कसोटी सांध्याचीच. तो दोन-अडीच हजार हर्ट्झवर असला, तर गळ्याचे मूळ स्वर एकाच स्पीकरात राहतात. पाचशेवर ओढला, तर तारसप्तकाकडे निघालेली खाँसाहेबांची तान वाटेतच स्पीकर बदलते.