पायथनच्या विन्यास-फाइलीची लेखनपद्धती : २०१६ चा निर्णय

आज्ञावलीला तिच्या कामाचे तपशील पुरविणारी विन्यास-फाइल कोणत्या पद्धतीने लिहावी, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. पायथन भाषेच्या इतिहासात मात्र तो एका खऱ्या पेचातून उद्भवला. पॅकेज कसे बांधावे हे सांगणारी ‘सेटअप.पाय’ ही फाइल स्वतःच एक आज्ञावली होती. तिला कोणती साधने लागतात हे जाणण्यासाठी ती आधी चालवावी लागे. आणि ती साधने नसली तर ती चालतच नसे.

मे २०१६ मध्ये ब्रेट कॅनन, नॅथॅनिएल स्मिथ व डोनाल्ड स्टफ्ट यांनी मांडलेल्या ५१८ व्या प्रस्तावाचा आशय असा, की ही माहिती नुसती वाचता यावी, चालवावी लागू नये. मग पद्धत कोणती?

जेसन काटेकोर खरी. पण तीत टीप लिहिता येत नाही. लोक टिपांतून वाचक-आज्ञावलीला सूचना देऊ लागले, म्हणून डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती सोय बुद्ध्याच काढून टाकली होती. यंत्रायंत्रांतील व्यवहारास हे हितकर होय. परंतु अमुक आवृत्तीच का हवी, याचे कारण माणसाने नोंदवावे कोठे? विंडोजच्या जुन्या आयएनआय फाइलींच्या वळणाची पद्धत पायथनमध्ये अंगभूत होती. तिला स्वतंत्र विनिर्देश नसल्याने २.७ व ३ या आवृत्तींत तिचे नियम जुळत नव्हते.

यामल डोळ्यांना सुखद. तथापि तिचा विनिर्देश छापल्यास ८६ पाने भरतो, हे प्रस्तावकर्त्यांनी मुद्दाम नमूद केले आहे. एवढ्या पसाऱ्यात एका साधनाने स्वीकारलेला मजकूर दुसरे स्वीकारीलच, याची शाश्वती कोण देणार? (तिच्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचे ‘एनओ’ हे संक्षिप्त रूप अवतरणचिन्हांवाचून लिहिल्यास त्याचा अर्थ नकार असा होतो!) याहून गंभीर आक्षेप हा, की निष्काळजीपणे वाचल्यास यामलच्या मजकुरातून परक्या आज्ञाही चालू शकतात, म्हणजे ज्यातून सुटका हवी होती तेच पुन्हा पदरी येणार.

निवड झाली ती टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या २०१३ मधील टॉमलची. रस्ट भाषेच्या कार्गो या साधनाने ती आधीच स्वीकारली होती. परंतु टॉमलची १.० आवृत्ती निघाली जानेवारी २०२१ मध्ये! अपूर्ण पण लहान विनिर्देश हा पूर्ण पण अवाढव्य विनिर्देशाहून कमी धोक्याचा, असाच हिशेब येथे दिसतो. माझ्या मते टॉमलच्या गुणांपेक्षा यामलच्या आकारानेच निकाल लावला. त्याची किंमतही पडली. पायथनमध्ये टॉमलचा अंगभूत वाचक ३.११ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तोवर पिपसारख्या साधनांना तो स्वतःसोबत वागवावा लागला.

प्रकल्पाचे नाव व आवृत्तिक्रमांकही उद्या याच फाइलीत येतील, अशी शक्यता मूळ प्रस्तावाने वर्तविली होती. २०२० च्या ६२१ व्या प्रस्तावाने ती खरी ठरविली.