रबराचे पाय, ओली काळी माती

हा घटनाक्रम कुठल्या एका गावचा नाही. वेळा आणि माणसं कल्पित आहेत. माती, वजनं आणि चुकांचा क्रम खरा आहे. ट्रॅक्टरच्या मागे खोदयंत्र जोडून कामं घेणाऱ्या कुणालाही तो ओळखू येईल.

आदला दिवस, संध्याकाळी 5. उरले 18 तास.
मंगल कार्यालयाच्या अंगणात ड्रेनेजची लाइन टाकायची आहे आणि अंगणात नवेकोरे पेव्हर ब्लॉक. खोदताना ट्रॅक्टरचं मागचं अंग दोन जॅकवर उचललेलं असतं. त्या जॅकच्या लोखंडी पायांच्या कडा ब्लॉक फोडतात. म्हणून ट्रॅक्टरच्या मालकानं वेल्डिंगवाल्याकडून पॅड करून घेतलेत: 45 बाय 30 सेंटिमीटरची प्लेट, खाली साखर कारखान्याच्या भंगारातल्या रबरी पट्ट्याचे चार थर, आरपार नटबोल्ट. काम चोख झालंय. एकही ब्लॉक फुटत नाही. तयार मिळणाऱ्या काही पॅडना पिन असते. पाय उलटा केला की रबर वर जातं आणि दाते खाली येतात. या पॅडना ती सोय नाही. काढायचे तर पान्यानं सगळे बोल्ट सोडवावे लागतात.

रात्री 10. उरले 13 तास.
मृगाचा पहिला जोरदार पाऊस. सगळे खूश.

सकाळी 7. उरले 4 तास.
पुढचं काम शेतातलं. पेरणीच्या आत पाइपलाइन गाडायची घाई आहे. शेतकरी फोनवर विचारतो, "दादा, वाफसा नाही अजून, जमेल का?" ऑपरेटर म्हणतो, "बघू, येतो." पॅड तसेच राहतात. ज्या घडीला अपघात टळू शकत होता ती हीच, आणि तिची किंमत होती अर्ध्या तासाची पानेबाजी.

सकाळी 9. उरले 2 तास.
चर एक मीटर खोल खणत काम ओढ्यापर्यंत येतं. ओढ्याखालून पाइप न्यायचा म्हणून इथे 2 मीटर खोल जायचंय. बांध आडवा येतो, ट्रॅक्टर चराच्या रेषेत लागत नाही. तो चराला काटकोनात, पाठ चराकडे करून लावला जातो. आता यंत्राचे दोन्ही पाय एकाच काठावर आहेत, आणि उपसलेली मातीही त्याच काठावर पडतेय.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि या भेगा पार खोल जातात. रात्रीचं पाणी त्यांतून खाली मुरलंय. वरून जमीन मिटलेली दिसते, पण आत भिंतीचे कप्पे आधीच सुटे झालेत. काठावर उभं राहून ते दिसत नाही.

सकाळी 10:15. उरली 45 मिनिटं.
उजवा पाय चार बोटं रुततो. ऑपरेटर जॅक आणखी खाली दाबून यंत्र सपाट करतो. इथे थांबून हिशेब करायला हवा. बूम उजवीकडे वळवून भरलेली बकेट रिकामी करताना त्या एका पायावर 2 टन भार आला असं धरा. पॅडचं क्षेत्रफळ 0.135 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ 15 टन. अंगठा सहज आत जाईल इतक्या मऊ चिकणमातीवर बांधकामाच्या हिशेबात 5 टनच धरतात. तेच 2 टन 90 सेंटिमीटर चौरस, न वाकणाऱ्या लाकडी पाटावर टाकले असते तर अडीच टनांवर भागलं असतं. पातळ प्लायवूडनं हे साधत नाही. ते पायाखाली वाकतं आणि कडा उचलून धरतं.

सकाळी 10:40. उरली 20 मिनिटं.
तळाला मुरूम लागतो. बकेट ओढताना माती सुटण्याऐवजी ट्रॅक्टरच चराकडे ओढला जातो. उघडे दाते असते तर त्यांनी जमिनीत रुतून ही ओढ पेलली असती. रबरावर चिखलाचा बुळबुळीत बूट चढलाय. ब्लॉक वाचवणारी गोष्टच इथे यंत्राला घसरवते आहे. ट्रॅक्टर वीतभर सरकतो. ऑपरेटर तो पुढे घेऊन पुन्हा लावतो, पण पाय त्याच घसरड्या चाकोरीत पडतात.

सकाळी 10:58. उरली 2 मिनिटं.
पाइपचा सांधा जोडायला एक मजूर चरात उतरतो. भिंतींना फळ्यांचा आधार नाही, शिडीही नाही. "थोडं उजवीकडं साफ कर," तो खालून ओरडतो. इंजिन चालू आहे आणि बूम हलतो.

सकाळी 11.
बकेटची ओढ, एक घसर, आणि उजवा पाय काठाच्या हातभर जवळ. जुन्या भेगेवर काठ सुटतो. एक घनमीटर माती सुमारे पावणेदोन टनांची. इथे त्याहून जास्त खाली येते आणि तिच्यामागे जॅकचा पाय. ट्रॅक्टर कलतो. मजूर छातीपर्यंत गाडला जातो. डोकं बाहेर असलं तरी जीव वाचला असं नव्हे: मातीच्या दाबानं छाती फुगत नाही, आणि प्रत्येक उच्छ्वासानंतर माती आणखी घट्ट बसते.

सकाळी 11:01.
वर कुणीतरी ओरडतं, "बकेटनं काढा!" हे कधीही करू नका. बकेटला माती आणि माणूस यांतला फरक कळत नाही, आणि यंत्र हललं की उरलेला काठही येतो. इंजिन बंद करा, काठावरची गर्दी मागे घ्या, 108 आणि अग्निशमन दलाला फोन करा. दुसरा माणूस आधाराशिवाय आत उतरवू नका.

पॅड घरी बनवायला माझी हरकत नाही. चांगला वेल्डिंगवाला ते उत्तम करतो. पण दोन जोड बनवा. सिमेंट-डांबरावर रबर. शेतात रबर काढून दाते उघडे ठेवा, आणि ओल असेल तर त्यांच्याखाली बाभळीच्या 5 सेंटिमीटर जाड फळ्या आडव्या-उभ्या दोन थरांत ठोकून केलेला पाट द्या, खालच्या अंगाला लोखंडी अँगलच्या पट्ट्या मारून, म्हणजे पाटही सरकणार नाही. बोल्टऐवजी पिन लावा, म्हणजे बदलायचा कंटाळा येणार नाही. यंत्र काठापासून निदान चराच्या खोलीइतकं मागे ठेवा. बूम तिथून पोहोचत नसेल तर काठ उतरता करा किंवा भिंतींना फळ्यांचा आधार द्या. आणि चरात माणूस असेपर्यंत इंजिनाची चावी काढून खिशात ठेवा.