परत आलेला प्रबंध

एका परत आलेल्या प्रबंधाबद्दल लिहितो. परीक्षकांनी तो १९२३ साली लंडनमध्ये परत केला. लिहिणाराचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

पण आधी माझं रडगाणं. १९८४ साली यवतमाळात एम. ए. करताना एका पेपराऐवजी लघुप्रबंध दिला. विषय घेतला जिनिंग-प्रेसिंगमधले आपले मजूर. बाप त्याच जिनात गाठी उचलायचा, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. शंभरपैकी अडतीस मिळाले. लाल शाईत शेरा: भाषा शिष्ट नाही, लेखक अलिप्त नाही. बाप म्हणाला, "काहून रे, तुह्यं लिवनं त्याईले समजलं नाही का?" मी सरांच्या जातीला शिव्या घातल्या आणि प्रबंध पेटीत टाकला.

मग धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र हाती आलं. भाषणं, सत्याग्रह पाठ होते. त्यांच्या विद्यार्थीदशेची पानं मात्र मी भराभर उलटत आलो होतो. या खेपेला तिथंच थांबलो.

१९१३ ला बडोद्याची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियात गेले. १९१५ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर प्रबंध लिहून एम. ए. झाले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. जात सोसून आलेला माणूस. नुसतं सोसलेलं सांगितलं असतं तरी वर्ग गप्प झाला असता. त्यांनी काय केलं? सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, एकेकाची व्याख्या समोर ठेवली, कुठं पटते, कुठं तोकडी पडते ते दाखवलं आणि मग स्वतःचं मांडलं. १९१७ ला तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

कोलंबियाची पीएच. डी. तर छापील प्रतींसाठी अडून राहिली. प्रबंध १९१६ चा, पुस्तक निघालं १९२५ ला, पदवी हाती आली १९२७ ला. मधल्या काळात शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडन सोडावं लागलं, जहाजातून पाठवलेली पुस्तकं जर्मन पाणबुडीनं बुडवली, सिडनहॅम कॉलेजात मास्तरकी केली, पैसे साठवले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं.

तिथला डी. एस्सी.चा प्रबंध रुपयावर. विषय कोरडा वाटेल. पण यवतमाळचा कापूस छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई आणि पुढं बोटीनं परदेशी जायचा. रुपयाचा पौंडाशी भाव हलला की धक्का थेट आपल्या गावच्या गाडीवानापर्यंत. १८९३ ला सरकारनं चांदीच्या टांकसाळी लोकांना बंद केल्या, तेव्हापासून रुपये किती पाडायचे ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर. ही मर्जी काढून घ्या, हे बाबासाहेबांचं म्हणणं. साम्राज्याच्या राजधानीत बसून!

परीक्षकांनी प्रबंध परत केला. पुन्हा लिहा म्हणाले. त्यामागं राजकारण होतं असं पुष्कळजण म्हणतात, असेलही. कीर सांगतात की मांडणी बदलायची होती, निष्कर्ष नव्हे. बाबासाहेब मुंबईला आले. वकिली सुरू करायची, घरात पैशाची ओढ. त्यातच पुन्हा लिहायला बसले. ऑगस्ट १९२३ ला प्रबंध गेला, नोव्हेंबरात मान्य झाला, डिसेंबरात पुस्तक निघालं.

आता गंमत बघा. त्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. कॅनननी उघड लिहिलं की यातली बहुतेक मतं मला मान्य नाहीत. तरी जिथं हा माणूस चुकला असं वाटलं तिथंही विचाराचा ताजेपणा सापडला, हेही लिहिलं. आणि बाबासाहेबांनी काय लिहिलं? कॅननच्या कडक तपासणीमुळं आपण कितीतरी चुकांतून वाचलो, म्हणून आभार. मत न पटताही काम उचलून धरणारा गुरू. आमच्या जिल्ह्यात असा एक जरी भेटला असता!

अन्याय होत नाही असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करायला सुखदेव थोरातांची समिती बसवावी लागली. २००७ च्या तिच्या अहवालात आपल्या पोरांनी परीक्षा आणि तोंडी परीक्षेबद्दल काय सांगितलं ते वाचा. आडनाव ऐकून मार्क देणारे आहेतच.

पण ते चरित्र मिटल्यावर मी पेटी उघडली. 'शेकडो मजूर' लिहिलं होतं. किती, ते मोजलंच नव्हतं. जिनाचं हजेरीबुक पाहिलं होतं, पण कोणत्या सालाचं, कोणतं पान, नोंद नाही. बापाची गोष्ट दोन ओळींत उरकली आणि घोषणा चार पानं. तळटिपा म्हणजे बामणी थेर, असं मीच तेव्हा कट्ट्यावर सांगत फिरायचो. भाषेचा शेरा मला आजही मान्य नाही. बापाची बोली तशीच ठेवायला हवी होती आणि ती मी तशीच ठेवली. अलिप्ततेचंही तेच. मात्र अडतिसाचे पंचेचाळीस करायला मलाही जड गेलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतली एक पोरगी जिनातल्या बायांवर पीएच. डी. करायला लागली. तिनं माझी ती टंकलिखित प्रत मागितली. म्हटलं, नेतेस तर चुकांवर खुणा करून आण. महिन्यानं आणून दिली. पेन्सिलीच्या सतरा खुणा. तीन खुणा अगदी त्या सरांच्याच जागी होत्या. शेवटच्या पानावर तिनं विचारलं होतं: काका, तुमच्या बापाला रोजी किती मिळायची?

बाप तोवर गेला होता.