गिअर-दांडा, मोटारगाडीचा
मोटारगाडीच्या दंतचक्र पेटीतील दंतचक्रांच्या जोड्या बदलण्याचा हातदांडा. सरकत्या दंतचक्रांची पेटी फ्रान्समध्ये पानार व लव्हासॉर यांनी १८९१ च्या सुमारास वापरात आणली. पुढे दांडा थेट पेटीच्या झाकणावर बसविण्याची पद्धत पडली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत तो सुकाणूच्या खांबावर नेण्यात येऊ लागला. त्यामुळे पुढील आसनावर तिघांची सोय झाली. परंतु दांडा व पेटी यांमध्ये सळया, सांधे व बुश यांची साखळी आली. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी फिॲट ११०० (१९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी) याच रचनेची होती. टॅक्सी म्हणून ती मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत वापरात होती.

अशा गाडीत दांडा तळावर आणला किंवा दुसरी पेटी बसविली, तर सळयांची लांबी व कोन बदलतात. दांडा ढिला लागल्यास एंजिन बंद ठेवून एकाने तो हलवावा व दुसऱ्याने पेटीवरील भुजा पाहावी. दांडा हलूनही भुजा स्थिर राहिल्यास दोष बुश वा सांध्यांत असतो; भुजा पूर्ण फिरूनही गिअर न पडल्यास तो पेटीत असतो. एंजिन चालू असतानाच गिअर खरखरत असेल, तर प्रथम क्लच तपासतात. दांडा व पेटी दोन्ही तटस्थ स्थितीत ठेवून सळईची लांबी जुळवितात. ही जुळणी चुकल्यास गिअर अर्धवट पडतो व घाटउतारावर तो निसटल्यास एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो.