देशी आणि अमेरिकन कपाशी: एकाच घरातल्या दोन वाटण्या

आपल्याकडे देशी कपाशी म्हणजे मागास आणि अमेरिकन म्हणजे सुधारलेली, असं सर्रास बोललं जातं. पण वंशावळ काढली तर वेगळंच दिसतं.

जगात कपाशीच्या पन्नासेक जाती आहेत. माणूस पिकवतो त्या फक्त चार. त्यातल्या दोन जुन्या जगातल्या, म्हणजे आपल्या देशी. त्यांच्या पेशीत गुणसूत्रं २६. उरलेल्या दोन अमेरिकेतल्या, गुणसूत्रं ५२. हा दुप्पट आकडा आला कुठून? साधारण १०-२० लाख वर्षांपूर्वी आपल्या देशीच्या जवळच्या नातलगाचा आणि अमेरिकेतल्या एका रानटी जातीचा संकर झाला, त्यातून. गंमत म्हणजे त्या रानटी बाजूला कातण्याजोगा धागाच नाही. तो आला आपल्या बाजूकडून!

मग देशी मागे का पडली? वऱ्हाड-हिंगणघाटची 'बनी' तलम धाग्यासाठी नावाजलेली होती. पुढे रुईचा उतारा जास्त म्हणून जाड धाग्याची मिसळ पिकायला लागली आणि बनी गेली. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता. १८६१-६५ च्या अमेरिकन यादवीत त्यांचा माल अडला आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. म्हणजे आधी बाजाराने देशी जाड केली, आणि मग जाड म्हणून नाकारली.

फाळणीत लांब धाग्याचा बराच मुलूख पाकिस्तानात गेला, गिरण्या इकडे राहिल्या. सरकारने अमेरिकन कपाशीवर भर दिला. १९७० मध्ये सुरतेला एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त पेरा अमेरिकन जातीचा आहे. संकरित असल्यामुळे घरची सरकी पेरून भागत नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं.

एकाच जातीवर सगळा डाव लावला की काय होतं, ते गुलाबी बोंडअळीने दाखवलंय. लीफ कर्ल व्हायरसने १९९० च्या दशकात पाकिस्तान-पंजाबातली अमेरिकन कपाशी झोपवली. देशीला तो लागत नाही. पण तो गुण अमेरिकनमध्ये सहज आणताही येत नाही. २६ आणि ५२ ची गाठ घातली की ३९ गुणसूत्रांचं वांझ झाड निघतं. शास्त्रज्ञांना फार खटपट करावी लागते.

म्हणून देशी वाण नुसते बियाणे-बँकेच्या कपाटात ठेवून चालणार नाही, ते शेतात टिकले पाहिजेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण काढलेत. मला विचाराल तर अडचण वाणाची नाही, बियाणं मिळण्याची आणि भावाची आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने देशी लावावी असं वाटत असेल, तर त्याच्या गावात बियाणं पोचवा आणि देशीची वेगळी खरेदी करा. नुसत्या अभिमानावर पऱ्हाटी उगवत नाही.